डाउनलोड अडतंय? ब्राउझरमध्ये मागे राहिलेली प्लगइन्स अशी शोधा

लिंकवर क्लिक केलं, कोपऱ्यातला डाउनलोडचा बाण क्षणभर हलला आणि लगेच ‘कॅन्सल्ड’ असं लिहून आलं. किंवा काहीच हललं नाही. किंवा फाइल उतरली, पण उघडायला गेलं तर ती खराब असल्याचा संदेश. इंटरनेट सुरळीत आहे, डिस्कवर जागा आहे आणि तीच लिंक दुसऱ्या कॉम्प्युटरवर पहिल्या क्लिकला उतरते. अशा वेळी दोष बहुधा साइटचा नसतो. पूर्वी कधीतरी टाकलेलं आणि नंतर अर्धवट काढलेलं एखादं डाउनलोड मॅनेजर, पीडीएफ व्ह्यूअर, टूलबार किंवा अँटिव्हायरस आपली नोंद मागे ठेवून गेलेलं असतं. प्रोग्रॅम गेला, नोंद राहिली. ब्राउझर इमानेइतबारे फाइल त्याच्या हवाली करतो आणि ती घ्यायला तिथे कोणीच नसतं.

यावर पहिला उपाय म्हणून बहुतेक जण ब्राउझर काढून पुन्हा टाकतात. त्याने सहसा काही फरक पडत नाही. ब्राउझर अनइन्स्टॉल केला तरी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम), सेटिंग्ज आणि इतिहास ज्यात असतो ते प्रोफाइलचं फोल्डर डिस्कवर तसंच राहतं. सिंक, म्हणजे खात्यामार्फत सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी सेटिंग्ज ठेवण्याची सोय, चालू असेल तर खात्यात लॉगइन केल्याबरोबर तेच एक्स्टेन्शन पुन्हा हजर होतं. म्हणून आधी नोंद कुठे अडकली आहे ते शोधायचं आणि मग तेवढीच काढायची.

पुढे मेनूंची नावं इंग्रजी मेनूतल्याप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. ‘अबाउट:सपोर्ट’सारखे पत्ते अ‍ॅड्रेस बारमध्ये रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता टाइप करायचे.

मागे नेमकं काय राहतं

‘प्लगइन’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात वेगवेगळ्या गोष्टी येतात. खरं प्लगइन म्हणजे ब्राउझरच्या आत चालणारा बाहेरचा प्रोग्रॅम: फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट, जुने पीडीएफ व्ह्यूअर. ही पद्धत नेटस्केपने १९९५च्या सुमारास आणली. क्रोमने सप्टेंबर २०१५मध्ये ४५व्या आवृत्तीपासून ती पूर्ण बंद केली. फायरफॉक्सने मार्च २०१७मध्ये ५२व्या आवृत्तीत फ्लॅश वगळता बाकीची प्लगइन्स बंद केली आणि जानेवारी २०२१मध्ये ८५व्या आवृत्तीपासून फ्लॅशही गेलं. त्यामुळे विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘एनपी’ने सुरू होणारी एखादी जुनी डीएलएल फाइल सापडली तरी आजचा क्रोम, एज किंवा फायरफॉक्स तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा फाइली शोधून काढण्यात संध्याकाळ घालवू नका.

आज त्रास देतं ते दुसरंच काही. पहिला संशयित म्हणजे एक्स्टेन्शन: डाउनलोड स्वतःकडे ओढून घेणारं, पीडीएफ स्वतः उघडणारं किंवा जाहिराती अडवणारं. दुसरा, फाइलच्या प्रकारानुसार ‘ही फाइल अमुक प्रोग्रॅमने उघड’ अशी ब्राउझरने जपून ठेवलेली नोंद. तिसरा, एखाद्या प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) लिहून ठेवलेली पॉलिसी, म्हणजे ब्राउझरवर बाहेरून लादलेला नियम. चौथा, विंडोजमध्ये राहून गेलेली जुन्या अँटिव्हायरसची नोंद. या चौघांपैकी कोण, हे पुढच्या चाचणीतून कळतं.

आधी चाचणी, मग दुरुस्ती

चाचणीसाठी एकच फाइल ठरवा. ती लहान असावी, पाच-दहा एमबीची, आणि जिला लॉगइन लागत नाही अशी. दर वेळी तीच फाइल उतरवायची, नाहीतर निष्कर्ष चुकतो. पुढच्या चार पायऱ्या याच क्रमाने करा.

१. ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. इथे एक्स्टेन्शन्स आपोआप बंद असतात, मात्र ज्यांना तुम्ही इथेही चालायची परवानगी दिली आहे ती चालूच राहतात. तेव्हा एक्स्टेन्शनच्या डिटेल्समध्ये जाऊन ती परवानगी आधी काढा. फाइल इथे उतरली तर दोष एक्स्टेन्शनचा.

२. नाही उतरली तर नवं प्रोफाइल बनवा. क्रोम-एजमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करून, फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:प्रोफाइल्स’ या पत्त्यावर. खात्यात लॉगइन करू नका, सिंक लावू नका. इथे फाइल उतरली तर दोष जुन्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये आहे.

३. तिथेही अडली तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच फाइल उतरवून पाहा. दुसऱ्यात उतरली, पहिल्यात कोऱ्या प्रोफाइलमध्येही नाही, याचा अर्थ पहिल्या ब्राउझरवर बाहेरून काहीतरी लादलेलं आहे. म्हणजे पॉलिसी पाहायची.

४. सगळ्याच ब्राउझरमध्ये अडत असेल तर ब्राउझरला मोकळं सोडा. अँटिव्हायरस, विंडोजची सुरक्षा सेटिंग्ज, डाउनलोडचं फोल्डर किंवा नेटवर्क यांपैकी काहीतरी आहे.

प्रायव्हेट विंडो एवढीच चाचणी करून थांबणारे बरेच असतात. या विंडोत एक्स्टेन्शन्स बंद होतात, पण डाउनलोडचं फोल्डर, फाइल-प्रकारांच्या नोंदी आणि पॉलिसी जशाच्या तशा लागू राहतात. म्हणून प्रायव्हेट विंडोत अपयश आलं की ‘एक्स्टेन्शन नाही, म्हणजे ब्राउझरच बिघडला’ असं मानायचं नाही. दुसरी पायरी यासाठीच आहे.

एक्स्टेन्शनचा दोष असेल तर

डाउनलोड मॅनेजरची रचना दोन भागांची असते. एक एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये बसतं, मुख्य प्रोग्रॅम बाहेर कॉम्प्युटरवर असतो. तुम्ही क्लिक केलं की एक्स्टेन्शन ब्राउझरचं डाउनलोड रद्द करतं आणि लिंक बाहेरच्या प्रोग्रॅमकडे पाठवतं. विंडोजमधून प्रोग्रॅम काढला पण एक्स्टेन्शन राहिलं, तर त्याचं पहिलं काम, म्हणजे रद्द करणं, चोख होतं. दुसरं होऊ शकत नाही. स्क्रीनवर दिसतं ते एवढंच: बाण हलला, ‘कॅन्सल्ड’, पुढे शांतता. पुष्कळदा त्रुटीचा संदेशही येत नाही, कारण ब्राउझरच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. एक्स्टेन्शनने रद्द करायला सांगितलं, त्याने केलं.

याचाच दुसरा अवतार जास्त फसवा आहे. पाचशे एमबीची झिप फाइल उतरायला हवी होती. उतरली, नावही बरोबर आहे, पण आकार जेमतेम काही केबी, आणि उघडताना ‘फाइल करप्ट’. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. खरी झिप फाइल रोमन ‘पीके’ या दोन अक्षरांनी सुरू होते, पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि लगेच ‘पीडीएफ’ या अक्षरांनी, विंडोजचा प्रोग्रॅम ‘एमझेड’ने. त्याऐवजी पहिल्याच ओळीत कोनी कंस आणि ‘एचटीएमएल’ हा शब्द दिसला, तर तुमच्याकडे झिप नव्हे, वेबपेज आलं आहे. ते बहुधा साइटचं लॉगइनचं पान असतं. तुम्ही लॉगइन केल्याची कुकी, म्हणजे साइटने दिलेली ओळखीची छोटी नोंद, ब्राउझरकडे असते. मॅनेजरने तीच लिंक स्वतः मागितली तेव्हा त्याच्याकडे ती नव्हती, म्हणून सर्व्हरने ‘आधी लॉगइन करा’ हे पान पाठवलं आणि मॅनेजरने ते झिपच्या नावाने जतन केलं. काही साइटच्या लिंक एकदाच चालतात. तिथे ब्राउझरने लिंक एकदा वापरलेली असते आणि मॅनेजरच्या दुसऱ्या मागणीला ‘फॉर्बिडन’ असं उत्तर मिळतं. दोन्ही वेळा फाइल पुन्हा पुन्हा उतरवून उपयोग नाही. मधला दलाल काढला पाहिजे.

काढायची रीत अशी:

क्रोम किंवा एजमध्ये मेनूतून एक्स्टेन्शन्स, मग मॅनेज एक्स्टेन्शन्स. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए. डाउनलोड, पीडीएफ, व्हिडिओ, टूलबार, कूपन, सेफ सर्च, वेब प्रोटेक्शन असे शब्द नावात असलेली एक्स्टेन्शन्स आधी बंद करा. बंद करा म्हणजे फक्त स्विच फिरवा, लगेच काढू नका. गुन्हेगार कोण ते ठरायचं आहे. यानंतर साइटचा उघडा टॅब बंद करून नव्याने उघडा. ही पायरी न केल्याने पुष्कळांचा गोंधळ होतो. एक्स्टेन्शन बंद केलं तरी त्याने आधीच उघडलेल्या पानात घातलेला कोड त्या पानात तसाच राहतो, आणि ‘बंद करूनही फरक पडला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

संशयित कळत नसेल तर निम्म्या-निम्म्याने बंद करा. बारा एक्स्टेन्शन्स असतील तर सहा बंद करून फाइल उतरवा. उतरली तर दोषी त्या सहात, नाही तर उरलेल्या सहात. मग तीन, मग दीड-दोन. बारांमधला एक शोधायला जास्तीत जास्त चार फेऱ्या लागतात. एकेक करत बसलात तर बारा.

सापडलेलं एक्स्टेन्शन रिमूव्ह करा. मॅनेजरचा मुख्य प्रोग्रॅमही नको असेल तर तो विंडोजच्या अ‍ॅप्सच्या यादीतून लगेच काढा, कारण प्रोग्रॅम शिल्लक असेल तर तो काही दिवसांनी एक्स्टेन्शन पुन्हा बसवण्याचा प्रयत्न करतो. सिंक चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ते गेलंय ना, पाहा. मॅनेजर हवाच असेल तर उलट करा: प्रोग्रॅम आणि एक्स्टेन्शन दोन्ही नव्या आवृत्तीला आणा आणि लॉगइन लागणाऱ्या साइट मॅनेजरच्या वगळण्याच्या यादीत टाका.

जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन दोषी असेल तर खूण वेगळी असते. फाइलऐवजी येणाऱ्या पानावर ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ असे शब्द दिसतात. इथे क्लायंट म्हणजे तुमचाच ब्राउझर. डाउनलोडची लिंक ज्या मधल्या पत्त्यावरून जाते तो पत्ता अडवण्याच्या यादीत असतो. एक्स्टेन्शन काढायची गरज नाही, तेवढ्या साइटपुरतं थांबवलं की पुरे.

फाइल-प्रकारांच्या नोंदी

पीडीएफवर क्लिक केलं की करडं, रिकामं पान उघडतं, किंवा फक्त एकाच प्रकारच्या फाइली अडतात आणि बाकीच्या उतरतात, असं असेल तर इथे पाहा.

फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, आणि खाली अ‍ॅप्लिकेशन्सची यादी. डाव्या बाजूला फाइलचा प्रकार, उजवीकडे त्याचं काय करायचं ते. ज्या ओळीत आता कॉम्प्युटरवर नसलेल्या प्रोग्रॅमचं नाव आहे ती ‘सेव्ह फाइल’वर न्या. पीडीएफसाठी ‘ओपन इन फायरफॉक्स’ हा पर्याय उत्तम. यादी फारच विस्कटली असेल तर ती मुळातून कोरी करता येते. ‘अबाउट:सपोर्ट’ उघडा, प्रोफाइल फोल्डरच्या ओळीतल्या ओपन फोल्डरवर क्लिक करा, फायरफॉक्स पूर्ण बंद करा, आणि त्या फोल्डरमधल्या हँडलर्स डॉट जेसन या फाइलचं नाव बदलून शेवटी ‘जुनी’ अशा अर्थाचं काही जोडा. पुढच्या वेळी फायरफॉक्स ही फाइल नव्याने बनवतो. मूळ फाइल खोडू नका, कारण त्यात ईमेलच्या लिंकसाठी निवडलेला प्रोग्रॅमसुद्धा नोंदलेला असतो.

क्रोममध्ये अशी लांब यादी नसते. सेटिंग्ज, डाउनलोड्समध्ये ‘काही प्रकारच्या फाइली उतरल्यावर आपोआप उघडा’ या अर्थाची ओळ दिसली तर तिच्यापुढचं क्लिअर दाबा. पीडीएफचा पर्याय वेगळ्या जागी आहे: प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, अ‍ॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज, पीडीएफ डॉक्युमेंट्स. तिथे ‘डाउनलोड पीडीएफ्स’ निवडून पाहा. फाइल नीट उतरली पण ब्राउझरमध्ये उघडत नव्हती, तर दोष पीडीएफच्या एक्स्टेन्शनचा होता.

डाउनलोड्सच्या त्याच पानावर फाइल साठवण्याचं ठिकाणही पाहून घ्या. जुन्या मॅनेजरने स्वतःचं फोल्डर तिथे लावलेलं असतं, नंतर ते फोल्डर किंवा तो पेनड्राइव्ह जातो आणि पत्ता तसाच राहतो. साधं डाउनलोड्सचं फोल्डर निवडा. ‘प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारा’ हा पर्याय चाचणीपुरता चालू केला तर आणखी एक गोष्ट कळते. जतन करण्याची विंडो येऊन मग डाउनलोड फसलं तर बिघाड फोल्डर, अँटिव्हायरस किंवा नेटवर्ककडे आहे. विंडो आलीच नाही तर फाइल आधीच कोणीतरी अडवते आहे.

‘युअर ब्राउझर इज मॅनेज्ड’ असं दिसत असेल तर

स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर क्रोमच्या मेनूच्या तळाशी हे वाक्य असेल, किंवा एखाद्या एक्स्टेन्शनला रिमूव्हचं बटणच नसेल, तर एखाद्या प्रोग्रॅमने पॉलिसी लिहिलेली आहे. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर हे असणं रास्त आहे. तिथे हात लावू नका, तिथल्या सिस्टिम विभागाला सांगा.

क्रोममध्ये ‘क्रोम’, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असा पत्ता टाइप करा, एजमध्ये सुरुवातीला ‘एज’, फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:पॉलिसीज’. यादीत दोन नावं विशेष पाहायची. ‘डाउनलोड रिस्ट्रिक्शन्स’ची किंमत ३ असेल तर सगळीच डाउनलोड्स बंद केलेली आहेत. ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’मध्ये जे असेल ते एक्स्टेन्शन सक्तीने बसवलेलं आहे आणि कोऱ्या प्रोफाइलमध्येही येतं.

प्रोग्रॅम ओळखता आला तर आधी तो विंडोजमधून काढा आणि अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन करा, कारण घरच्या कॉम्प्युटरवर अशी सक्ती बऱ्याचदा नको असलेल्या सॉफ्टवेअरची असते. त्यानंतरही नोंद राहिली तर रजिस्ट्री एडिटर उघडून लोकल मशीन आणि करंट यूजर या दोन्ही शाखांत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम इथे जा. आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून त्या फोल्डरची प्रत ठेवा, मगच पॉलिसी पानावर दिसलेलं तेवढं नाव खोडा. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला की बदल दिसतो.

‘व्हायरस स्कॅन फेल्ड’

हा संदेश आला की लोक घाबरतात. ‘व्हायरस सापडला’ असा त्याचा अर्थ नाही. उतरलेली फाइल क्रोम विंडोजकडे तपासायला देतो आणि विंडोज ती नोंदवलेल्या अँटिव्हायरसकडे पाठवते. तपासणी पूर्णच झाली नाही, एवढंच तो सांगतो. मुदत संपलेलं, अर्धवट काढलेलं किंवा एकाच वेळी दोन असलेलं अँटिव्हायरस ही त्याची नेहमीची कारणं.

विंडोज सिक्युरिटी उघडून कोणतं अँटिव्हायरस नोंदलेलं आहे ते पाहा. काढून टाकलेल्याचं नाव अजून दिसत असेल तर त्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून तिचं स्वतःचं काढण्याचं साधन घ्या, चालवा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. साधं अनइन्स्टॉल ही नोंद नेहमी साफ करत नाही. याच दोषावर रजिस्ट्रीत ‘स्कॅन विथ अँटिव्हायरस’ची किंमत १ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. डाउनलोड त्याने सुरू होतं हे खरं, पण विंडोजकडून होणारी ही तपासणीच त्याने बंद पडते. तो करू नका. कोणी आधीच केला असेल तर ती किंमत ३ वर आणा.

‘फेल्ड, ब्लॉक्ड’ असा संदेश असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या इंटरनेट ऑप्शन्सच्या सिक्युरिटी टॅबवर जाऊन इंटरनेट हा विभाग निवडा आणि कस्टम लेव्हलमध्ये डाउनलोड्सखालचं ‘फाइल डाउनलोड’ एनेबल आहे ना ते पाहा. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला असला तरी विंडोज ही सेटिंग्ज अजून वापरते, आणि जुनी सुरक्षा सॉफ्टवेअर ती बदलून ठेवतात.

मॅकवर

फाइंडरच्या गो मेनूत ऑप्शन कळ दाबून धरली की लायब्ररी दिसते. तिच्यातलं आणि मुख्य डिस्कवरच्या लायब्ररीतलं, अशी ‘इंटरनेट प्लग-इन्स’ नावाची दोन फोल्डर्स असू शकतात. सफारीने २०१८मध्ये १२व्या आवृत्तीपासून फ्लॅश सोडून बाकीची प्लगइन्स आणि २०२०मध्ये १४व्या आवृत्तीपासून फ्लॅशही बंद केलं, त्यामुळे तिथल्या जुन्या फाइली जुन्या सफारीतच त्रास देतात. डेस्कटॉपवर हलवून चाचणी करा. सफारीची आजची एक्स्टेन्शन्स अ‍ॅपच्या पोटात असतात. सेटिंग्जमधल्या एक्स्टेन्शन्समधून अनइन्स्टॉल दाबलं की कोणतं अ‍ॅप काढायचं ते सफारीच सांगतो.

काहीच सापडलं नाही तर

फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:सपोर्ट’वरचं रिफ्रेश फायरफॉक्स वापरा. बुकमार्क, पासवर्ड आणि इतिहास राहतात, एक्स्टेन्शन्स आणि बदललेली सेटिंग्ज जातात, आणि जुन्या माहितीचं फोल्डर डेस्कटॉपवर ठेवलं जातं. क्रोममध्ये सेटिंग्ज, रीसेट सेटिंग्ज. तिथे बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, कुकीज जातात, म्हणजे साइटवर पुन्हा लॉगइन करावं लागेल. एक फरक ध्यानात ठेवा: क्रोमचा रीसेट एक्स्टेन्शन्स फक्त बंद करतो, काढत नाही. नंतर एकेक करून हवी तेवढीच चालू करा आणि प्रत्येकानंतर चाचणीची फाइल उतरवा.

दोष गेल्यावर डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये ‘सीआरडाउनलोड’ किंवा ‘पार्ट’ अशा शेपटाच्या अर्धवट फाइली उरलेल्या दिसतील. कोणतंही डाउनलोड चालू नसताना त्या खोडून टाका. मोठी फाइल असेल तर जुन्या अर्ध्या फाइलवर रिझ्यूम दाबण्यापेक्षा साइटवर जाऊन नव्याने लिंक घ्या, कारण जुन्या लिंकची मुदत बहुधा संपलेली असते. उतरल्यावर फाइलचा आकार साइटवर दिलेल्या आकाराशी जुळवून पाहा.